देवळालीचे कापरेकर मास्तर आणि ६१७४

‘कमल’ म्हणजे ३५२ आणि ‘गरम’ म्हणजे ७४५, तर ‘मगर’ म्हणजे किती?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. दोन्ही शब्दांत म आहे, दोन्ही आकड्यांत ५ आहे, म्हणून म म्हणजे ५. ग ७, र ४. उत्तर ५७४, गोल काळा करा, पुढचा प्रश्न. बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकात या प्रकाराला ‘सांकेतिक भाषा’ म्हणतात. आमच्या वेळी ही परीक्षा चौथीत आणि सातवीत असायची, पुढे ती पाचवीत आणि आठवीत घेऊ लागले. एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत १५० मिनिटांत १२५ प्रश्न. भागाकार करून पाहा, तिथेही बरोबर ७२ सेकंदच!

मी मूळचा नाशिक रोडचा. कम्प्युटर इंजिनीअरिंग करून नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो आणि आता मिनेसोटा राज्यात, मिनीॲपोलिसच्या नैर्ऋत्येला असलेल्या ईडन प्रेरी या गावात राहतो. माझा भाचा नाशिकला पाचवीत आहे. शिष्यवृत्ती आणि सैनिक शाळा अशा दोन्ही परीक्षांची तयारी एकदम चालू आहे. ताईचं म्हणणं असं, की तू दिवसभर कोडिंगच करतोस, तर याचं कोडिंग-डीकोडिंग तूच घे. दोन्ही कोडिंगांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे तिला पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यामुळे हिवाळ्यात दर शनिवारी रात्री आठला मी लॅपटॉप उघडतो. तिकडे रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले. इकडे बाहेर उणे वीस, तळी गोठलेली. तिकडे मागे कुकरच्या शिट्ट्या.

पोरगा हुशार आहे. पण त्याच्या क्लासमध्ये (नाव कशाला घ्या) शिकवलंय, की ७२ सेकंदांत जमलं नाही तर प्रश्न सोडायचा आणि पुढे जायचं. परीक्षेपुरता हा सल्ला योग्यच आहे. हळूहळू मात्र त्याला सोडण्याचीच सवय लागली. आधी अवघड प्रश्न सोडायचा, मग मध्यम, मग नुसता प्रश्न लांबीला मोठा दिसला तरी सोडायचा. दिवाळीनंतर तर वही उघडली की त्याचं पोट दुखायला लागलं. ताई घाबरली. मीही थोडा घाबरलो.

अशातच एका रविवारी त्यानं मला विचारलं, की क म्हणजे ३ हे ठरवतं कोण? क्लासमध्ये असले प्रश्न विचारायला वेळ नसतो. मी त्याला सांगितलं, की पेपर काढणारा ठरवतो, त्याच्या मनाला येईल ते. आपल्याकडे अक्षरांना आकडे लावायची पद्धत फार जुनी आहे. आर्यभटानं क पासून म पर्यंतच्या पंचवीस अक्षरांना १ ते २५ किमती दिल्या आणि मोठमोठ्या खगोली संख्या श्लोकात बसवल्या. त्याच्याकडे क म्हणजे १, तुझ्या पेपरात ३. दोन्ही माणसांनीच ठरवलेलं. मग त्यानं विचारलं, कोणीच न ठरवलेलं असं काही असतं का?

या प्रश्नाचं उत्तर त्याच्या घरापासून जेमतेम काही किलोमीटरवर होतं. देवळालीला. मी त्याला कापरेकरांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती एका रविवारात संपली नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा नाद. ज्योतिषावर आपला विश्वास असो वा नसो, कुंडली मांडायची तर आकडेमोड भरपूर लागते, आणि मुलाला आकड्यांची गोडी त्या आकडेमोडीतून लागली. शाळा ठाण्याला झाली. शाळकरी वयातच कोडी सोडवण्यात या मुलाचे तासन् तास जायचे. तेव्हा अर्थातच ७२ सेकंदांचा हिशेब करणारं कुणी नव्हतं.

१९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. रँग्लर परांजपे हे नाव त्या काळी पुण्यात केवढं मोठं होतं ते वेगळं सांगायला नको. केंब्रिजला सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं गणिताचं एक पारितोषिक होतं, विद्यार्थ्यानं स्वतः केलेल्या नव्या कामासाठी. १९२७ साली ते कापरेकरांना मिळालं. दुसऱ्याने घातलेलं कोडं सोडवल्याबद्दल ते बक्षीस नव्हतं. विद्यार्थ्यानं स्वतः नवा प्रश्न काढावा यासाठी ते होतं.

१९२९ मध्ये बी. एस्सी. झाले आणि शिक्षण तिथेच थांबलं. एम. एस्सी. नाही, पीएच. डी. तर दूरच. त्यानंतर ते देवळालीला शाळेत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. तीन दशकांहून जास्त काळ तेच गाव, तोच फळा. बढती, बदली, मुंबईचं कॉलेज, परदेश यातलं काही नाही. माझ्यासारख्या दर तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या माणसाला हे कळायला जरा वेळ लागतो.

देवळालीविषयी एक गंमत सांगतो. इंग्रजांच्या काळात तिथे लष्कराचा मोठा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत सोल्जर तिथे महिनोन् महिने पडून राहायचे आणि उन्हानं, कंटाळ्यानं त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ असा शब्दच तयार झाला. अर्थ, चक्रम. आजही इंग्लंडमध्ये तो वापरतात. आणि याच गावात एक मास्तर पाटीवर आकडे उलटेसुलटे करत बसलेला, ज्याला त्याच्याच देशातले अनेक गणिती हसत होते.

आता ६१७४ कडे येतो. कागद-पेन्सिल घ्या. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा. मी भाच्याला कापरेकरांचं जन्मवर्षच घ्यायला सांगितलं, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि ६१७४ चं पुन्हा केलं तर ७६४१ − १४६७, परत ६१७४. आता इथून सुटका नाही. कुठलाही आकडा घ्या, सात पायऱ्यांच्या आत याच दारात येऊन उभा राहतो. भाच्यानं आईचं जन्मवर्ष घेतलं, स्कूटरचा नंबर घेतला, आजोबांच्या पेन्शनच्या पुस्तकातले चार अंक घेतले. तीन वेळा वजाबाकीच चुकली, म्हणून कापरेकरांनाच खोटं ठरवून झालं. मग परत केली. ६१७४. हे कोणी ठरवलं, असं तो मला विचारत राहिला. मी म्हटलं, कोणीच नाही. कापरेकरांनी फक्त ते पाहिलं.

हे त्यांनी १९४६ मध्ये पाहिलं. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावरचा त्यांचा लेख आला. मी हे दहा-बारा ओळींच्या प्रोग्रॅमनं तपासतो तेव्हा १००० पासून ९९९९ पर्यंतचे चालणारे सगळे ८,९९१ आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. कापरेकरांकडे कम्प्युटर नव्हता. हातानं करायचं तरी प्रत्येक आकडा तपासावा लागत नाही. उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून असतं, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक. अशा जोड्या होतात फक्त ५४. एक संध्याकाळ, एक वही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं ५४ च्या ५४ लिहून काढल्या. याला दोन दिवस लागले. दोन दिवस त्याचं पोट दुखलं नाही, एवढं मी ताईच्या नजरेला आणून दिलं.

इकडे ईडन प्रेरीतही मी हा प्रयोग करून पाहिला. आमच्याकडे हिवाळ्यात पॉटलकला पर्याय नसतो. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, मोठ्यांनी राजकारण आणि ग्रीन कार्ड, मुलांनी आयपॅड. आमच्या मुलांनाही परीक्षा चुकलेल्या नाहीत. इथल्या अनेक शाळांत हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गासाठी ‘कॉगॅट’ नावाची चाचणी घेतात, त्यातही संख्यांच्या मालिका आणि संख्यांची कोडी असतात, आणि त्याचीही पुस्तकं आणून मराठी आईबाप मुलांच्या मागे लागलेले असतात. माणूस आठ हजार मैल आला तरी स्कॉलरशिपचं भूत मानगुटीवर बसूनच येतं. तर त्या दिवशी मी कागदी प्लेटा वाटल्या आणि पोरांना वजाबाक्या करायला लावल्या. बटाटेवडे थंड झाले. एका गृहस्थांनी स्वतःच्या फोनचा पिन गुपचूप करून पाहिला आणि ६१७४ आल्यावर उगाच दचकले. एका मुलीनं पाच अंकी आकडा घेतला आणि ती गोल गोल फिरत बसली, कारण पाच अंकांना असा एकच मुक्काम नाही. तीन अंकांना आहे, ४९५. हे मी तिला सांगितलं नाही. तिचं तिनंच काढलं.

कापरेकरांची नावं ठेवायची पद्धत मला फार आवडते. रेल्वेनं जाताना त्या वेळच्या जीआयपी रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनात त्यांना एक कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं. डोंबिवलीचं नाव त्या काळी असंही लिहिलं जाई. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, असे चढून उतरणारे आकडे त्याच घराण्यातले. डोंबिवली फास्टच्या गर्दीत लोंबकळणाऱ्या माणसाला आपल्या स्टेशनाचं नाव अंकशास्त्रात आहे हे कळलं तर निदान एक दिवस तरी बरा जाईल. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ नं भागलं की येतात ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. म्हणजे तीही हर्षदच. ‘कापरेकर संख्या’ हे नाव लोकांनी दिलं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७.

आणि एक ‘देवळाली संख्या’, म्हणजेच स्वयंभू. १५ घ्या, त्यात त्याचेच अंक मिळवा, १५ + १ + ५ = २१. म्हणजे २१ चा जनक १५. पण २० ला असा जनकच सापडत नाही. ३१ ला नाही, ४२ ला नाही. आईबापांवाचून जन्मलेल्या या संख्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं. पुढे १९७० च्या दशकात कोलंबियाचे गणिती बर्नार्डो रेकामान यांनीही या संख्यांचा प्रश्न मांडला आणि त्यांना ‘कोलंबियन संख्या’ असंही म्हणू लागले. पुस्तकांत दोन्ही नावं सापडतात. मी कोणाच्या बाजूचा आहे ते सांगायला नको.

पण कापरेकरांना हसणाऱ्या गणितींची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे नुसतं आरतीचं ताट होईल. त्यांचा आक्षेप असा, की हे गुण संख्येचे नाहीत, संख्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून ६१७४ आहे. आमच्या धंद्यात आम्ही दोनच्या आणि सोळाच्या पटीत लिहितो, तिथे सगळा खेळ बदलतो. रामानुजनला ओळखणारे हार्डीसुद्धा याच मताचे. त्यांनी १९४० मधल्या आपल्या छोट्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणं घेतली. उलटे केलेले आकडे २१७८ आणि १०८९, त्यांच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट भरणारे. गंमत म्हणून ठीक, पण खऱ्या गणितीला यात काही घेण्यासारखं नाही, असा त्यांचा निकाल होता. कापरेकर नेमके अंक उलटे करण्याच्या प्रश्नांवरच लिहीत होते. १९५३ मधला त्यांचा एक लेख त्याच विषयावर आहे.

हा आक्षेप मला पटतो. आणि तरीही पुरता पटत नाही. तुमच्या क्रेडिट कार्डचा शेवटचा अंक हा आधीच्या अंकांची एका ठरावीक रीतीनं बेरीज करून काढलेला असतो. नंबर टाइप करताना एक अंक चुकला की मशीन लगेच ओरडतं, ते त्यामुळेच. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची ही युक्ती सर्वस्वी दहाच्या पटीतल्या लिखाणावर उभी आहे. कापरेकरांचा तिच्याशी संबंध नाही, आणि तसा तो जोडण्याचा आपल्याकडचा उत्साह मला नको आहे. सांगायचं इतकंच, की अंकांशी खेळणं फुकट जातंच असं काही म्हणता येत नाही. आणि फुकट गेलं तरी काय बिघडलं?

काय बिघडलं, हा प्रश्न मी लिहिला खरा, पण त्याचं उत्तर कापरेकरांच्या आयुष्यात आहे आणि ते गोड नाही. मोठी नियतकालिकं त्यांचं लिखाण सहसा घेत नसत. मग ते स्वतःच्या खर्चानं बारीक बारीक पुस्तिका छापत आणि त्यांवर प्रकाशक म्हणून स्वतःचंच नाव आणि देवळालीचा पत्ता घालत. परिषदांना जायचं तेही पदरमोड करून. आणि हे शाळामास्तरच्या पगारात. कॉलेजची मुलं त्यांना व्याख्यानाला बोलावत, ते जात, मुलांना आकड्यांची जादू दाखवत आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी वर्गावर. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणू लागले. शिक्षक म्हणून ते उत्तम होते आणि आपला हा नाद ते वर्गातही घेऊन जात. शाळेतल्या मुलांना अंकगणिताची भीती वाटू नये म्हणून जे कोणी करतं, त्याला खरं तर गणिती म्हणा की न म्हणा, फरक पडत नाही.

१९६२ मध्ये निवृत्ती. १९६६ मध्ये पत्नी गेली. इतकं साधं राहूनही पेन्शन पुरेना, म्हणून ज्या माणसाच्या नावानं आज जगभरच्या पुस्तकांत एक स्थिरांक छापला जातो, त्याला साठी उलटल्यावर गणित-विज्ञानाच्या खासगी शिकवण्या घ्याव्या लागल्या.

हे मी भाच्याला सांगत असताना ताई मागे उभी होती. तिनं विचारलं, यानं मार्क मिळणार आहेत का? आणि मग जरा थांबून, या माणसासारखं व्हावं असं तुला वाटतं का याला? ताई चुकीचं बोलत नव्हती. ती आणि दाजी दोघं नोकरी करतात, क्लासची फी हप्त्यांनी भरतात. सैनिक शाळेत लागला तर पोराचं भलं होईल असं त्यांना वाटतं. साताऱ्याची शाळा १९६१ ची, सैनिक शाळांतली पहिली. आमच्या लहानपणी अख्ख्या गल्लीत एकच मुलगा तिथे लागला होता, आणि त्याच्याबद्दल आजही बोलतात. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्या भावानं व्हिडिओ कॉलवरून गरिबीतल्या आनंदाच्या गोष्टी सांगाव्यात, हे मलाही बरं दिसत नव्हतं. मी तिला सांगितलं, की मार्क मिळणार नाहीत. ६१७४ वर पेपरात प्रश्न येत नाही.

शेवटी आमचा तह झाला. चाळीस मिनिटं पेपर, घड्याळ लावून, क्लासच्याच पद्धतीनं. सोडायचा तो प्रश्न सोडायचा. मग वीस मिनिटं कापरेकर, घड्याळ उलटं ठेवून. ही वीस मिनिटं मिळावीत म्हणून तो पहिली चाळीस मुकाट्यानं करतो. ‘सांकेतिक भाषे’चे प्रश्नही तो आता सहसा सोडत नाही. उलट स्वतः तयार करून मला घालतो आणि माझे ७२ सेकंद मोजतो. परीक्षेत काय होईल ते मी सांगू शकत नाही.

वीस मिनिटांतल्या एका रविवारी आम्ही जादूचा चौरस केला. कापरेकरांना त्याचाही नाद होता. कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या सुमारास त्यांनी एक चौरस बनवला, ज्याच्या पहिल्या ओळीत १९, २, १४, ७३ हे आकडे आहेत. १९ फेब्रुवारी १४७३, कोपर्निकसची जन्मतारीख. हीसुद्धा सांकेतिक भाषाच की. त्याच धर्तीवर आम्ही खुद्द कापरेकरांच्या जन्मतारखेचा चौरस मांडला, १७-०१-१९०५:

१७   १   १९   ५
४   २०   ४   १४
३   १५   ३   २१
१८   ६   १६   २

आडवे, उभे, तिरपे, कसेही मिळवा, बेरीज ४२. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत ४२ हा आकडा एका विनोदी इंग्रजी कादंबरीमुळे जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर म्हणून प्रसिद्ध आहे. मी तो विनोद सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात भाचा म्हणाला, की ४२ तर देवळाली संख्या आहे. आणि दुसरं, की तुझ्या चौरसात ४ दोनदा आलाय आणि ३ सुद्धा दोनदा. हे चालत नाही, असं त्याचं म्हणणं. सध्या तो एकही आकडा पुन्हा न येणारा चौरस शोधतोय. मला येतो का, असं त्यानं विचारलं नाही, आणि ते मला आवडलं.

कापरेकरांचं नाव जगात झालं ते ते सत्तर वर्षांचे असताना. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिताच्या खेळांवर दरमहा लिहीत. त्या सदरातून कितीतरी पोरं पुढे गणिताकडे वळली. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनरनी कापरेकरांविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर वाचलं गेलं. आपल्याकडचं माणूस आधी अमेरिकेनं ओळखायचं आणि मग आपण, ही रीत तेव्हाही होतीच. अमेरिकेत बसून हे लिहिताना मला त्यात अभिमान वाटावा की ओशाळं वाटावं हे कळत नाही. गार्डनरनी त्यांना पदवी विचारली नाही, एवढं मात्र खरं. नंतर मग परदेशातले गणितीही ६१७४ कडे गंभीरपणे पाहू लागले. इतर अंकांच्या संख्या, इतर पटी, यांवर निबंध झाले. आज इंटरनेटवर संख्यांच्या मालिकांचा जो मोठा कोश आहे त्यात प्रत्येक मालिकेला एक अक्षर आणि सहा अंकांचा संकेत असतो. स्वयंभू संख्यांचा ए००३०५२, कापरेकर संख्यांचा ए००६८८६. भाच्याला हा संकेत पाठ आहे, सातचा पाढा अजूनही मध्येच अडखळतो.

४ जुलै १९८६ रोजी देवळालीत कापरेकर वारले. ४ जुलै हा इथला स्वातंत्र्यदिन. संध्याकाळी आमच्या गावात फटाके उडतात आणि सगळी मराठी मंडळी गवतावर सतरंज्या टाकून बसतात. भाच्याला तारीख सांगितली, तर फटाक्यांमध्ये त्यानं काडीचाही रस दाखवला नाही. त्यानं १९८६ घेतलं. ९८६१ − १६८९ = ८१७२. मग पुढची वजाबाकी करायला लागला आणि मध्येच थांबला, जुनी वही काढली, १९०५ चं पान उघडलं. तिथे दुसऱ्या पायरीवर ८१७२ लिहिलेलं होतं. पुढच्या पाच पायऱ्या दोन्हीकडे त्याच. असा योगायोग पुष्कळ वर्षांच्या बाबतीत होतो हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, पुष्कळ म्हणजे किती? मोजून सांगतो.